'खातं बायकोच्या नावावर करता येईल का?' : एका नागरी आरोग्य केंद्रातलं प्रकरण

पार्श्वभूमी

नवी मुंबईत ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पट्ट्यातल्या एका नागरी आरोग्य केंद्रात मी वैद्यकीय अधिकारी आहे. अशा एका केंद्रामागे ५० हजार लोकसंख्या असावी असा नियम आहे. आमच्या वाट्याला त्याहून बरीच जास्त येते. डॉक्टर मी एकटीच. सकाळी केस पेपरची खिडकी उघडली की दुपारी एकपर्यंत मान वर करता येत नाही. खोकला, खरूज, साखर, बीपी, गरोदर बायका, आणि 'मॅडम, फक्त सही हवी होती'वाले. एका रुग्णाला तीन मिनिटं देता आली तर तो दिवस निवांत म्हणायचा.

ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्यांना इथे भाऊ म्हणू. केंद्रातल्या सगळ्या ताई त्यांना तसंच म्हणायच्या. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. भाऊ पस्तिशीच्या आतले, सातारा जिल्ह्यातले, वाशीच्या बाजार समितीत माथाडी. बायको, दोन मुली आणि आई गावी. इथे एका खोलीत गावची सात-आठ माणसं, जेवण खानावळीचं, झोप पाळीप्रमाणे. पाठीवरून पोती वाहणाऱ्या माणसाला खोकला नवा नसतो, त्यामुळे त्यांनी तो बरेच महिने अंगावर काढला. तपासणीत निघाला तो नेहमीच्या औषधांना दाद न देणारा टीबी, ज्याला वस्तीत 'बिघडलेला टीबी' म्हणतात. उपचार दीड वर्षाच्या वर. टोळीतलं नाव कायम राहिलं, पण टोळी त्यांच्याशिवायच पोती उचलू लागली. खोलीतल्यांनी हाकललं नाही, एवढंच. ताट-तांब्या वेगळा झाला आणि अंथरूण गॅलरीत गेलं.

आमच्याबद्दलही एक गोष्ट आधीच सांगायला हवी. या प्रकरणाच्या काही महिने आधी आमच्या कर्मचाऱ्यांचं मानसिक आरोग्यावर एक दिवसाचं प्रशिक्षण झालं होतं. शेवटी प्रश्नावली होती. 'आत्महत्येबद्दल थेट विचारल्याने तो विचार बळावतो: बरोबर की चूक?' सगळ्यांनी 'चूक'वर खूण केली होती. म्हणजे उत्तर सगळ्यांना येत होतं.

अडचण कशी समोर आली

औषधं सुरू होऊन पाचवा महिना लागला होता. भाऊ महिन्याच्या गोळ्या न्यायला आले. टीबीच्या ताई त्यांचं वजन नोंदवत होत्या, तेव्हा त्यांनी विचारलं, "ताई, ते पोषणाचे पैसे माझ्या खात्यात येतात ना, ते बायकोच्या नावावर करता येतात का? नंतर तिला त्रास नको."

निक्षय पोषण योजनेत टीबीच्या रुग्णाला महिन्याला १,००० रुपये मिळतात, ते थेट त्याच्या खात्यात जातात. खात्याचा घोळ आमच्याकडे रोजचाच: आधार जोडलेलं नसतं, शाखा गावची असते, नावात एक अक्षर चुकलेलं असतं. ताईंनी तो प्रश्न खात्याचा म्हणूनच ऐकला. जाता जाता मला म्हणाल्या, "भाऊ खातं बदलायचं विचारत होते." मी मान वर न करता म्हणाले, "बँकेत पाठवा."

'नंतर' म्हणजे कशानंतर, हे आम्हा दोघींपैकी कुणीच विचारलं नाही.

त्याच आठवड्यात फार्मासिस्टने धीर द्यायला म्हटलं, "भाऊ, अजून वर्षभर कळ काढा." त्यावर भाऊ म्हणाले, "नाही, आता थोडंच राहिलंय." फार्मासिस्टला वाटलं, माणूस हिशेबात चुकला.

दहा-बारा दिवसांनी आशाताई दुपारी पावणेएकला ओपीडीत आली आणि रांग ओलांडून माझ्या कानाशी वाकली. भाऊंच्या खोलीतला एक जण तिला नळावर भेटला होता. भाऊ रात्र रात्र गॅलरीत बसून असतात, डबा तसाच परत जातो. आदल्या रात्री म्हणाले, "मी गेलो की सगळ्यांच्या डोक्यावरचं उतरेल."

नंतर मी आशाताईची वही काढली. तिशीपुढच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म, म्हणजे आजारांचा धोका ओळखायची प्रश्नावली, आशा भरतात. त्यात मनःस्थितीचेही दोन प्रश्न असतात: गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटेनासा झाला का, आणि उदास, निराश वाटलं का. गुण ठरावीक आकड्याच्या वर गेले की रुग्णाला डॉक्टरकडे पाठवायचं. भाऊंचा फॉर्म आजार निघाल्यानंतर पुन्हा भरलेला होता. आशाताई गेली तेव्हा ते थुंकीचा नमुना द्यायला गेले होते, म्हणून खोलीतल्या दुसऱ्याने त्यांच्या वतीने उत्तरं दिली होती. दोन्हींपुढे शून्य. बाप्यांचे बरेचसे फॉर्म असेच भरले जातात, कारण आशाच्या वेळेला ते घरी नसतात. फॉर्म शंभर टक्के भरल्याबद्दल त्या महिन्यात आमचं कौतुक झालं होतं.

कोणते पर्याय होते

रांगेतल्या उरलेल्या रुग्णांना पाच मिनिटं थांबायला सांगून आम्ही चौघी लसीकरणाच्या खोलीत उभ्या राहिलो: मी, टीबीच्या ताई, आशाताई आणि आमच्या सर्वांत जुन्या एएनएम सिस्टर.

सिस्टर ठाम होत्या. "मॅडम, विचारू नका. निदान त्या शब्दात तरी नको. डोक्यात नसेल तर भरेल." प्रश्नावलीत बरोबर खूण करणाऱ्यांत त्याही होत्या. त्यांचं म्हणणं, भाऊंना बसवून समजवावं, मुलींची आठवण द्यावी, देवाधर्माचं बोलावं. समजावण्यात त्या वाकबगार आहेत. पण समजावणारा बोलतो आणि समोरचा ऐकून 'हो सिस्टर' म्हणतो. त्याच्या मनात काय आहे ते त्यातून कळत नाही.

टीबीच्या ताईंना औषधांची धास्ती होती. मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं तर भाऊ बिथरतील आणि टीबीच्या गोळ्याच सोडतील. ही भीती पोकळ नव्हती. मधेच सोडलेला असा टीबी परत आला की आणखी बिघडून येतो.

आशाताईला पोलिसांची काळजी. "आपण लिहून ठेवलं तर केस होईल ना?" हा गैरसमज मला डॉक्टरांमध्येही भेटतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ नुसार, आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरायचं, तिला शिक्षा करायची नाही, उलट तिची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी. कायदा मे २०१८ पासून लागू आहे. आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुन्या दंडविधानातलं कलम ३०९ जसंच्या तसं १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आलेलं नाही; सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न एवढाच गुन्हा उरला आहे. आणि भाऊंच्या बाबतीत तर प्रयत्नही झालेला नव्हता. मनात येणाऱ्या विचारांची नोंद केस पेपरवर करण्यात पोलिसांचा संबंध येतोच कुठे?

माझ्या मनातला पर्याय सगळ्यांत सोपा होता, आणि तो मी लिहायलाही घेतला होता: मोठ्या रुग्णालयाच्या मनोविकार ओपीडीची चिठ्ठी. चिठ्ठी लिहिली की कागदावर माझं काम संपतं. पण चिठ्ठी घेऊन किती जण प्रत्यक्ष पोचतात, हे ती लिहिणाऱ्याला चांगलं ठाऊक असतं. आणि त्या दिवशीची ती ओपीडी संपतही आली होती.

पाचवा पर्याय: आधी स्वतः विचारायचं. त्यावर टीबीच्या ताई जे बोलल्या त्यात या सगळ्या प्रकरणाचं मर्म आहे असं मला वाटतं. "विचारते मी. पण तो हो म्हणाला तर? माझी ड्युटी संपते दुपारी. मग रात्री तो माणूस कुणाचा?"

माहिती कमी नव्हती. 'हो' हे उत्तर ठेवायला जागा नव्हती. ज्या उत्तराचं पुढे काय करायचं ते ठाऊक नाही, तो प्रश्न माणूस टाळतो, आणि टाळण्याला मग 'डोक्यात भरेल' असं शहाणपणाचं कारण सापडतं. म्हणून आम्ही आधी ती जागा ठरवली: तो हो म्हणाला तर आज त्याच्यासोबत कोण जाईल, रात्री खोलीत कोण जागं असेल, उद्या सकाळी कोण फोन करेल. तीन नावं केस पेपरच्या मागे लिहिली. मगच भाऊंना बोलावलं.

काय केलं

माझ्या ओपीडीला दाराऐवजी पडदा आहे, म्हणून बसलो लसीकरणाच्याच खोलीत. खिडकी उघडी, दोघांना मास्क. बाळांना तोलायची झोळी खुर्चीवर पडली होती. भाऊंनी ती उचलून मांडीवर घेतली आणि बोलणं संपेपर्यंत तिची घडी घालत आणि मोडत राहिले.

मी म्हणाले, "भाऊ, इतकं मोठं दुखणं चालू असलं की कधी कधी माणसाला वाटतं, जगूच नये. तुम्हाला वाटतं का तसं?"

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

इथे मी अडखळले. कुणी नाही, असं म्हणणं सोपं होतं. मी म्हणाले, "खोलीतल्या माणसांना तुमची काळजी वाटली. त्यांनी चुगली नाही केली."

बराच वेळ शांतता. मग, "दोन महिने झाले."

पुढचं क्रमाने विचारलं: रोज वाटतं का, कसं करायचं ते मनात ठरलंय का, त्यासाठी लागणारं जवळ आहे का, कधी ते ठरवलंय का, आणि काय अडवतं. ठरवलं होतं. दिवाळीला गावी जाऊन सगळ्यांना एकदा बघायचं, मग. दिवाळी तीन आठवड्यांवर होती. अडवत होती ती धाकटी मुलगी. फोनवर ती अजून 'पप्पा, पोतं ठेवलं का खाली?' विचारायची. हे सांगताना ते पहिल्यांदा रडले. विचारल्यामुळे काही बळावलं, असं मला तरी दिसलं नाही. खांदे खाली आले एवढं दिसलं.

मग त्यांनी विचारलं, "आता ठाण्याला पाठवणार का?"

आमच्याकडे 'ठाण्याला पाठवणं' याचा अर्थ सगळ्यांना कळतो. १९०१ पासून उभ्या असलेल्या मनोरुग्णालयाची ती ख्याती वाक्प्रचारात उतरली आहे, आणि तिथे आज कितीही चांगले उपचार मिळत असले तरी वाक्प्रचार हलत नाही. मी सांगितलं की आज मोठ्या रुग्णालयात दाखवायचं, मनाचे डॉक्टर बघतील, दाखल करतील किंवा करणार नाहीत, पण तुमच्यासोबत आमचं माणूस असेल.

"दोन महिने" हा शब्द मात्र माझ्या डोक्यात अडकला होता. टीबीचं कार्ड मागवलं. औषधांच्या यादीत सायक्लोसेरीन होतं. या औषधाने नैराश्य येऊ शकतं, भ्रम होऊ शकतात, आत्महत्येचे विचार येऊ शकतात. त्यासोबत बी-६ जीवनसत्त्व देतात ते त्याचे मज्जातंतूंवरचे दुष्परिणाम कमी व्हावेत म्हणून. हे मी परीक्षेला लिहिलेलं आहे. पाच महिने हे कार्ड माझ्या समोरून गेलं आणि मी फक्त यकृताच्या तपासण्या बघत राहिले. सगळं औषधाने झालं असं मी म्हणत नाही. काम गेलं होतं, कर्ज होतं, ताट वेगळं झालं होतं. पण एक कारण आम्हीच दर महिन्याला पिशवीत घालून देत होतो.

औषध आपल्या मनाने बंद करायचं नसतं, म्हणून टीबीच्या उपचार केंद्रातल्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, आजच पाठवा, आम्ही बदल बघतो. त्यांनीच आणखी एक गोष्ट लक्षात आणून दिली: भाऊंच्या औषधांत लिनेझोलिडही आहे. नैराश्यावरच्या नेहमीच्या अनेक गोळ्यांशी त्याचं पटत नाही. दोन्ही मिळून शरीरात सेरोटोनिन हे रसायन धोकादायक पातळीवर जाऊ शकतं. म्हणजे मनोविकारतज्ज्ञ आणि टीबीचे डॉक्टर एकमेकांशी बोलल्याशिवाय गोळी सुरू करणं बरोबर नव्हतं. मी आधीची 'नैराश्य?' एवढंच लिहिलेली चिठ्ठी फाडली आणि पानभर चिठ्ठी लिहिली: विचार किती दिवसांपासून, बेत ठरलेला आहे, कोणती औषधं कधीपासून, कुणाला फोन करायचा.

१०८ बोलवायची की नाही यावर थोडा वेळ गेला. भाऊ नको म्हणाले. गल्लीत गाडी शिरली की सगळ्या चाळीला कळतं. शेवटी रिक्षाने गेले, सोबत टीबीच्या ताई आणि खोलीतला गाववाला. रिक्षाचं भाडं कुठल्याच बजेटमध्ये बसत नाही, ते आम्ही आपसांत वाटून घेतलं. (हे कौतुकाने सांगत नाही. दर वेळी वर्गणी काढून चालणारी व्यवस्था फार दिवस चालत नाही.)

निघण्याआधी केस पेपरवर भाऊंच्याच शब्दांत पाच-सहा ओळी लिहिल्या: विचार वाढायला लागले की आधी काय होतं ('झोप जाते, फोन उचलावासा वाटत नाही'), तेव्हा काय करायचं, खोलीतल्या कुणाला उठवायचं, गावी कोणत्या भावाला फोन करायचा, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक १४४१६, जो ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलतो. महिन्याच्या गोळ्या एकदम देणं थांबवलं. आठवड्याच्या देऊ लागलो आणि त्या गाववाल्याकडे ठेवायला दिल्या. बायकोला सांगायला भाऊ तयार नव्हते. जिवाला धोका असताना सगळंच पोटात ठेवता येत नाही हे मी त्यांना सांगितलं, पण काय सांगायचं आणि कोण सांगेल हे त्यांना ठरवू दिलं. त्यांनी भावाला निवडलं.

काय झालं

भाऊ चार दिवस दाखल होते. सायक्लोसेरीन केंद्राच्या डॉक्टरांनी बंद करून त्याजागी दुसरं औषध दिलं, मनोविकारतज्ज्ञांनी लिनेझोलिड ध्यानात घेऊन उपचार ठरवले. त्यांचा थोरला भाऊ गावाहून येऊन त्यांना घेऊन गेला. दिवाळी गावातच झाली.

आम्ही फोन करत राहिलो: दुसऱ्या दिवशी, आठवड्याने, मग पंधरवड्याने. यामागे एक जुना, साधा पुरावा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने चेन्नईसह पाच देशांतल्या पाच ठिकाणी केलेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आत्महत्येचा प्रयत्न करून रुग्णालयात आलेल्यांना एक तासाची माहिती आणि पुढे १८ महिन्यांत ९ वेळा फोन किंवा भेट, एवढंच दिलं. त्यांच्यात आत्महत्येने मृत्यू ०.२ टक्के झाले. नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत २.२ टक्के. नववा फोन करायला मनोविकारतज्ज्ञ लागत नाही.

तरी सगळं सरळ गेलं नाही. डिसेंबरमध्ये बारा दिवस त्यांचा फोन बंद होता. इकडच्या यादीत ते 'स्थलांतरित', तिकडच्या यादीत अजून नाव नाही. टीबीच्या ताईंनी गावाकडच्या आशाचा नंबर मिळवला आणि तिला घरी पाठवलं. फोन पाण्यात पडला होता, एवढंच. पण ते बारा दिवस ताईंनी कसे काढले ते मी बघितलं आहे, आणि त्यांच्यासाठी त्यात कुणाचाच आधार नव्हता.

वजन त्रेचाळीसवरून अठ्ठेचाळीसवर आलं. पोती वाहायचं काम आता त्यांच्याच्याने होणार नाही. झोपेच्या तक्रारी आहेत, कर्ज आहे.

काय वेगळं करता आलं असतं

पहिली गोष्ट, खात्याचा प्रश्न. 'बँकेत पाठवा' म्हणण्याऐवजी 'का हो, आत्ताच का?' एवढं विचारलं असतं तर दहा-बारा दिवस वाचले असते. पैशांची, मुलांची, सामानाची निरवानिरव हे लक्षण प्रशिक्षणाच्या स्लाइडवर होतं. पण स्लाइडवर ते 'मौल्यवान वस्तू वाटून टाकणे' असं लिहिलेलं होतं. आमच्या वस्तीत मौल्यवान वस्तू म्हणजे पासबुक, रेशनकार्ड आणि गावची सातबारावरची नोंद. आता आमच्या भिंतीवरच्या कागदावर तसं लिहिलं आहे.

दुसरी, सायक्लोसेरीन. ते सुरू होणार त्या दिवशीच मनाची विचारपूस व्हायला हवी होती, आणि पुढे दर महिन्याला. आता वजनाच्या नोंदीशेजारी ताई झोप आणि मन असे दोन शब्द लिहून खूण करतात. छापील कार्डात तो रकाना नाही.

तिसरी, सिस्टरांशी मी आधी बोलायला हवं होतं. भाऊ गावी गेल्यावर महिन्याभराने, चहा पिताना, त्यांनी सांगितलं की त्यांच्या माहेरच्या एका नातलगाला घरच्यांनी एकदा असंच थेट विचारलं होतं आणि दुसऱ्याच दिवशी तो गेला. त्याला विचारलं म्हणून तो गेला, ही समजूत त्यांनी वीस वर्षं बाळगली होती. प्रश्नावलीतली खूण त्यावर काय करणार? माझ्या मते कर्मचाऱ्यांच्या 'दृष्टिकोना'बद्दल बोलताना आपण हे विसरतो: ही माणसंही याच समाजातली आहेत, त्यांच्याही घरात हे घडलेलं असतं. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या आकड्यांत देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद आहे, त्यातल्या २२,७४६ महाराष्ट्रात, सर्व राज्यांत जास्त. यामागे किती घरं असतील, आणि त्यातली किती आरोग्य कर्मचाऱ्यांची, हे कुणी मोजत नाही. सिस्टर अजूनही स्वतः विचारत नाहीत. पण शंका आली की मला किंवा ताईंना बोलावतात, आणि मी त्यावर समाधान मानलं आहे.

चौथी गोष्ट मी सोडवू शकलेले नाही. स्वीडनच्या गॉटलंड बेटावर १९८३-८४ मध्ये सगळ्या सामान्य डॉक्टरांना नैराश्य ओळखण्याचं प्रशिक्षण दिलं, तेव्हा आत्महत्या कमी झाल्या. पण काही वर्षांत परिणाम ओसरला; प्रशिक्षित डॉक्टरांपैकी बरेच जण बेट सोडून गेले होते. आमचे बहुतेक कर्मचारी कंत्राटी आहेत. त्या दिवशी लसीकरणाच्या खोलीत उभ्या असलेल्या चौघींपैकी एक आज दुसऱ्या नोकरीत आहे. नवीन आलेल्या प्रत्येकीला मी भाऊंची गोष्ट सांगते, नाव न घेता, पासबुकासकट. त्याला प्रशिक्षण म्हणता येईल का, माहीत नाही.

उपचार संपत आले तेव्हा भाऊ तपासणीसाठी एकदा आले होते. वजन झाल्यावर टीबीच्या ताईंना म्हणाले, "ताई, ते खातं बदलायचं होतं."

ताईंनी पेन खाली ठेवलं, खुर्ची पुढे ओढली. "का भाऊ? आत्ताच का?"

भाऊ हसले. "गावच्या शाखेत करायचंय, ताई. इथली लांब पडते आता."

ताईंनी तरी पुढचे दोन प्रश्न विचारलेच.